न वाजवता घेतलेली पोती

विद्यापीठानं म्हेत्रे सरांना फसवलं. शब्द विद्यापीठाचा, कागद विद्यापीठाचा आणि वजनकाटा माझा. सर स्वतः याबद्दल कधी लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितो आहे.

मी भंगारचा व्यापारी. बारामतीहून इंदापूरला जाताना निमगाव केतकीच्या अलीकडं माझं गोडाऊन लागतं. नववी नापास झालो तेव्हा सायकलला दोन पोती बांधून गावोगाव फुटक्या बादल्या गोळा करायचो. आज दारात साठ टनांचा काटा आहे. मधलं काहीही मला कोणी फुकट दिलेलं नाही. भाव करताना मी सख्ख्या भावाचं ऐकत नाही हे तालुक्याला माहीत आहे, आणि माझं डोकं लवकर तापतं हेही. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी सांगायला नको.

आमच्याकडं माळावर एक तंत्रविद्यापीठ आहे. तिथं पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला वर्कशॉपमध्ये एक जॉब करावा लागतो. वीतभर लांब, दोन बोटं रुंद लोखंडी पट्टी घ्यायची, ती कानशीनं घासून घासून सरळ करायची, तिला चौकोनी खाच पाडायची आणि वर आपला रोल नंबर पंचानं ठोकायचा. आठवडेच्या आठवडे पोरं घासतात, हाताला फोड येतात. मग मास्तर गुण देतात आणि जॉब कोपऱ्यात फेकतात. वर्षाअखेर तो कोपरा माझा. बरीच वर्षं हा व्यवहार चालू होता आणि त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. मला तर नाहीच.

एके सकाळी गोडाऊनमध्ये आलो तर त्या पट्ट्यांच्या ढिगाशेजारी एक माणूस उकिडवा बसलेला. पन्नाशीचा, काटकुळा, पांढरा शर्ट, पायांत टाचा झिजलेल्या चपला. पट्टी दोऱ्याला लटकवायची, वरच्या खिशातून एक जाड खिळा काढायचा, टक् करून वाजवायची, कान लावायचा आणि डावीकडं किंवा उजवीकडं ठेवायची. दोन रांगा लावून झाल्या होत्या.

"ओ पाव्हणं, काय चाललंय?" मी ओरडलो.

त्यानं तोंड फिरवलं. मी बोलतोय आणि हा तोंड फिरवतो! माझा पारा चढला.

"ऐकतोय," तो म्हणाला.

"मी अजून काय बोललोच न्हाय!"

"तुमचं न्हाय शेठ. ह्येचं."

हेच म्हेत्रे सर. लहानपणी कानात गळू झालं होतं, तेव्हापासून त्यांच्या उजव्या कानानं काम सोडलं होतं. कोणी बोलायला लागलं की ते डावा कान पुढं करायचे आणि चेहरा दुसरीकडं जायचा. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटायचं, हा माणूस उर्मट आहे. विद्यापीठातल्या साहेब लोकांना तर ते शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं. मान फिरलेली दिसली म्हणजे म्हेत्रे सर नीट ऐकताहेत, एवढी साधी गोष्ट त्यांच्यातल्या एकालाही कळली नाही.

त्यांना त्या पट्ट्या परत हव्या होत्या. सगळ्या. मी विचारलं, देणार काय? ते म्हणाले, "तुमी सांगाल त्ये." माझ्या काट्यावर असं वाक्य त्याआधी कोणी बोललं नव्हतं. गरज दाखवणारं गिऱ्हाईक म्हणजे पायानं चालत आलेली कोंबडी. मी दुप्पट भाव सांगितला. विद्यापीठाकडून काय भावानं घेतल्या होत्या ते मलाच माहीत. सरांनी खिसे चाचपले, अर्धेच निघाले. मग त्यांनी माझ्या दारावरच्या गंजक्या पत्र्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "उरल्याचा बोर्ड रंगवून देतो."

दोन दिवस शिडीवर उभं राहून त्यांनी तो बोर्ड रंगवला. आजही आहे. 'भंगार' हा शब्द इतक्या देखण्या अक्षरात लिहिला की एक म्हातारी मोडायला आणलेला हंडा घेऊन दारात थबकली, बोर्ड पाहिला आणि "चांगला हाय की अजून" म्हणत हंडा परत घेऊन गेली. मी सरांना म्हटलं, तुमच्यामुळं माझं गिऱ्हाईक गेलं. ते इतके हसले की शिडी हलली.

त्या दोन दिवसांत त्यांनी मला काम करताना पाहिलं. कोणी मिसळ माल आणला की मी तो हातोडीनं वाजवतो आणि न बघता वेगवेगळ्या ढिगांत फेकतो. सर शिडीवरून खाली उतरले.

"शेठ, डोळं न लावता कसं वळखता?"

"वाजवून. बीड ठप्प बोलतं. लोखंड खण्ण बोलतं. पितळ बोलून झाल्यावर पण बोलत ऱ्हातं. आन् आत भेग आसली तर कायबी आसू द्या, घोगरं बोलतं. वाजवल्याबिगर माल घेतला की बुडालोच."

त्यांनी डायरी काढून हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. मला वाटलं, थट्टा करतोय. आठवड्यानं पुन्हा आले आणि म्हणाले, शनिवारी माझ्या वर्गात या, पोरांना हे सांगा.

त्यांचा वर्ग म्हणजे काय होतं ते सांगतो. इंजिनिअर होणाऱ्या पोरांना थोडी कलाही शिकवावी असा वरून काहीतरी आदेश आला होता. त्यासाठी चित्रकलेची पदविका असलेला हा सुप्याकडचा माणूस तासिका तत्त्वावर घेतला. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे, बाकी नातं नाही. आठवड्याला दोन तास, तेही शनिवारी शेवटचे, पोरं गावाला जायच्या घाईत असताना. विषयाला गुण नाहीत. स्टाफरूममध्ये तासिकेवरच्या माणसाला खुर्ची नाही. सुरुवातीला सरांनी पोरांना वही-पेन्सिल देऊन चित्रं काढायला बसवलं. पोरं जांभया देत होती. मग एकदा वर्कशॉपच्या कोपऱ्यातला तो ढीग त्यांना दिसला, आणि त्यांनी विचारलं, "ह्ये कुणी केलं?" पोरं म्हणाली, आम्हीच. "मंग फेकलं का?" वर्षाअखेर तो ढीग माझ्याकडं आला आणि त्याच्यामागं सरही.

वर्कशॉप आणि मुख्य इमारत यांच्यामध्ये एक बोळ आहे. माळावरचा पश्चिमेचा वारा त्या बोळात कोंडतो आणि जोरात निघतो. तिथं सरांनी लोखंडी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांत तारांनी पट्ट्या टांगल्या. पहिल्या वर्षी चार ओळी. मग दरवर्षी नवी पोरं, नव्या ओळी, आणि वारा आला की पट्टीवर पट्टी आपटून वाजणारी एक भिंतच उभी राहिली. पण नुसत्या टांगायच्या नाहीत. प्रत्येकानं आपली पट्टी वाजवायची, पाहिजे तो सूर येईपर्यंत घासायची, आणि भोक कुठं पाडायचं ते आपल्या गणितानं काढायचं. पट्टीला मधोमध भोक पाडून टांगलं की ती मुकी होते. काठापासून साधारण पाव हिश्श्यावर टांगली की बोलते. पोरं हे गणित परीक्षेसाठी शिकत होतीच. ते खरं आहे का हे कानानं तपासायला सरांनी शिकवलं. वर्गातलं एखादं पोरगं ढ आहे असं कोणी म्हटलं की ते मान फिरवून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मुकी पट्टी नसती. टांगायची जागा चुकल्याली असती."

मी त्या शनिवारी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. नववी नापास माणूस, समोर साठ-सत्तर होणारे इंजिनिअर. सरांनी टेबलावर फडकं टाकून त्याखाली दहा वस्तू ठेवल्या होत्या. मी एकेक वाजवत गेलो, नाव सांगत गेलो. दहाच्या दहा बरोबर. मग पोरांना एकेकाला पुढं बोलावून ऐकायला लावलं. तास संपला तरी कोणी उठेना. निघताना सगळी पोरं उभी राहिली. मला आधी कळेना कोण आलं म्हणून. मी मागं वळून दाराकडं पाहिलं.

फळ्याच्या कोपऱ्यात सरांनी माझं वाक्य लिहून ठेवलं: 'वाजवल्याशिवाय माल घेऊ नये.' त्याला चौकट आखली. पुढं कितीतरी दिवस त्यांनी ते कोणाला पुसू दिलं नाही असं पुढं तिथंच शिकायला गेलेल्या माझ्या मुलीनं मला सांगितलं.

सर अंथुर्ण्याला एका खोलीत एकटे राहत. मी एकदाच गेलो. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट, एकच पेला. मी आल्यावर त्यांनी मला पेल्यात चहा दिला आणि स्वतः ताटात ओतून प्यायले. भिंतीवर पेन्सिलीनं आखलेल्या ओळी, प्रत्येक ओळीत रोल नंबर. अख्ख्या वाजत्या भिंतीचा नकाशा. कोणती पट्टी कितव्या ओळीत कितवी ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. घरच्यांबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. खिळा मात्र सतत चालू. ताट, स्टोव्ह, खाटेचा पाय. एसटीतला दांडा वाजवतात म्हणून कंडक्टर त्यांना ओळखत होते. एक जण म्हणायचा, "सर, तिकिटाचं बोला, दांड्याचं नंतर."

रविवारी सुट्टी असली तरी ते विद्यापीठात जायचे. वॉचमन सोडायचा. बोळात एका दगडावर बसून भाकरी खायचे, वर भिंत वाजत असायची. जुनी पोरं नोकरीला लागल्यावर कधी या रस्त्यानं गेली तर आत येऊन आपला नंबर शोधायची, खिळा मागायची, एकदा वाजवायची आणि जायची. दहा मिनिटं. सर त्या दहा मिनिटांवर महिना काढत. हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नाही.

बाकी मास्तर लोकांना आवाजाचा त्रास व्हायचा. अर्ज गेले. मग हुकूम निघाला की परीक्षेच्या दिवसांत भिंत वाजता कामा नये. सर दर परीक्षेला बाजारातून जुन्या साड्यांच्या चिंध्या आणायचे आणि दर दोन पट्ट्यांच्या मध्ये कोंबायचे. परीक्षा संपली की एकेक काढायच्या. हजारांनी पट्ट्या. मी म्हटलं, "सर, भांडा की जरा!" ते म्हणाले, "पोरं पेपर ल्हित्यात शेठ. गप बसाया पायजेच की." त्यांच्या जागी मी असतो आणि मला कोणी असा हुकूम दिला असता तर मी त्या चिंध्या त्याच्याच तोंडात कोंबल्या असत्या.

माझी मुलगी शुभांगी त्याच विद्यापीठात शिकली. तिची पट्टी सातव्या ओळीत होती. पोरगी घासून घासून रडकुंडीला आली होती, पट्टी बोलेना. सरांनी भोक बुजवून पुन्हा पाडायला लावलं, बोटभर अलीकडं. मग ती जी बोलली, ते पोरगी घरी येऊन आईला तांब्या वाजवून दाखवत होती.

शेवटच्या वर्षी कंपनीची मुलाखत आणि नव्या पट्ट्या टांगायचा दिवस एकच आला. शुभांगी पहिल्या वर्षाच्या पोरींना मदत करत बसली, वेळ गेली, आणि काळ्या हातांनी धावत पोहोचली तेव्हा कंपनीवाल्यांनी दार लावलं होतं. मला कळलं आणि मी गाडी काढली. बोळात, पोरांच्या देखत, तोंडाला येईल ते बोललो. "तुमच्या ह्या पत्र्यांनी माझ्या पोरीचं वाटोळं केलं! तुमाला पुढं न्हाय मागं न्हाय, पोरांच्या जिवावर ख्येळ मांडलाय!"

सरांनी मान फिरवून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "चूक माजी हाय. मी घड्याळ बघितलं न्हाय."

यापुढं या फाटकात पाय ठेवणार नाही, असं मी तिथं सर्वांसमोर बोललो. चार महिन्यांनी शुभांगीला त्याहून चांगली नोकरी लागली. एकदा तिनं फोन केला, "आप्पा, आज बेअरिंग जायच्या आधी मी आवाजावरनं सांगितलं. सगळे म्हणाले कसं काय." मी म्हटलं, वा. सरांकडं जाऊन चुकलं म्हणायला पाहिजे होतं. गेलो नाही. पाय ठेवणार नाही म्हणालो होतो ना.

आता फसवणुकीवर येतो.

विद्यापीठानं मोठी इमारत बांधली. कला आणि तंत्र यांचा संगम करणारं केंद्र, असे फलक रस्त्याला लागले. या विषयाला आता गुण मिळणार, कायमची जागा निघणार. सर माझ्याकडं येत नव्हते, पण वॉचमन यायचा. त्याच्याकडून सगळं कळत होतं. कुलसचिवांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "म्हेत्रे, तुमची भिंत नव्या केंद्राच्या दर्शनी भागात लावू. बोळातून ड्रेनेजची लाइन जाणार आहे. तुम्हीच स्वतः उतरवा, म्हणजे क्रम चुकणार नाही. आमची माणसं काय, कशीही काढतील."

यातलं शेवटचं वाक्य मला अजून झोंबतं. माणसाची काळजीच त्याच्याविरुद्ध वापरायची, हा सौदा मलाही कधी सुचला नसता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गावाला गेलेली. सर एकटे शिडीवर. एक पट्टी सोडायची, पुसायची, वाजवायची, डायरीत खूण करायची, पोत्यात ठेवायची. एका ओळीचं एक पोतं. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवायचं आणि वर ओळीचा नंबर खडूनं लिहायचा. वॉचमन सांगत होता, शेवटची पट्टी काढल्यावर सर तिथंच त्या दगडावर बसून राहिले. बोळातून वारा जात होता आणि काही वाजत नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्होरचं पाच महिनं कसं जायचं रं?" कारण केंद्राचं उद्घाटन पाच महिन्यांवर होतं.

पोती भांडारात ठेवली. जूनमध्ये सरांच्या तासिकांचा नवा आदेश निघालाच नाही. कायमच्या जागेला पदवी पाहिजे, यांच्याकडं पदविका. सर म्हणाले, ठीक हाय, भिंत लावायला तेवढं बोलवा. हो म्हणाले सगळे.

आणि आखाडात मला भांडारातून फोन आला. भांडार रिकामं करायचंय, निरुपयोगी लोखंड आहे, पोत्यांत बांधलेलं, घेता का? एरवी मी स्वतः जातो. एकही माल मी वाजवल्याशिवाय घेतलेला नाही. पण फाटकात पाय ठेवणार नव्हतो. म्हणून फोनवरच सौदा केला. गंजलेला असणार, माती असणार, असं म्हणून आणखी भाव पाडला, आणि पाडला म्हणून खूश झालो. कागद गड्याबरोबर आला, मी खाली सही केली. टेम्पो काट्यावर आला तेव्हा मला दिसलं की पोती फार नीट शिवलेली आहेत आणि वर खडूचे आकडे आहेत. मनात आलं, भांडारवाला शिस्तीचा दिसतो. त्याच दुपारी जालन्याच्या लोखंडाच्या भट्टीवर जाणारा ट्रक भरत होता. पोती तशीच चढली.

तीन आठवड्यांनी सर आले. त्याच बोर्डाखालून, डायरी हातात धरून. आमच्यात भांडण झाल्यावर पहिल्यांदाच. मी खुर्चीतून उठलो.

"शेठ, भांडारवाला म्हणला पोती तुमच्याकडं आल्यात. कुठं ठिवलीत?"

"कसली पोती?" असं मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

मी तिथंच जालन्याला फोन लावला. भट्टीवाला हसला. म्हणाला, "शेठ, तीन हप्ते झाले. त्याची सळई होऊन गेली सुद्धा."

फोन स्पीकरवर नव्हता, पण सरांनी डावा कान पुढं केला होता. त्यांना ऐकू गेलं. ते पालथ्या ड्रमवर बसले. खिशातला खिळा काढला, ड्रमला लावायला गेले आणि तसाच परत ठेवला.

"सळई म्हंजी स्लॅबात जात आसंल," ते म्हणाले. "कुणाच्या तरी घरात."

मी म्हटलं, "सर, मला म्हायीत न्हवतं. पोरीची शपथ."

ते माझ्याकडं बघत होते. मान फिरवली नव्हती, सरळ माझ्याकडं बघत होते. ओरडले असते तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. तेवढं मला जमतं. ते फक्त म्हणाले:

"शेठ, वाजवून न्हाय बघितलं?"

मग उठले आणि गेले. डायरी ड्रमवर राहिली. मी हाक मारली, पण ते रस्ता ओलांडून एसटीला हात करत होते.

शुभांगीला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "आप्पा, सर एकटेच आले होते?" मी म्हटलं, "दुसरं कोण येणार?" तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी फाटकात पाय ठेवला. कुलसचिवांच्या केबिनमध्ये मला खुर्ची दिली नाही, मी ओढून घेतली. त्यांचं म्हणणं असं की म्हेत्रे आस्थापनेवर नव्हते, तासिका तत्त्वावर होते. आणि भांडाराच्या नियमानुसार वस्तू खरेदी झालेली असेल तरच नोंदवहीत चढते, नोंदवहीत असेल तरच तिला नंबर पडतो. या मालाची खरेदीच नाही. त्यामुळं नंबर नव्हता, आणि नंबर नसलेला माल निरुपयोगी.

"नंबर न्हवता?" मी टेबलावर हात आपटला. "आवो, एकेका पट्टीवर नंबर होता! तुमच्याच पोरांनी ठोकलेला!"

"आमचा नंबर म्हणतोय मी," ते शांतपणे म्हणाले. "आणि लोखंड तुम्हीच नेलंय शेठ. भावही तुम्हीच पाडलाय."

आयुष्यात पहिल्यांदा भावावरून मला गप्प बसावं लागलं.

ज्या मालाच्या यादीवर मी सही केली होती तिची प्रत मागून घेतली. बाहेर पडताना नव्या केंद्राच्या दर्शनी भागात डोकावलो. काचेचे दरवाजे, आत एसी. समोरच्या भिंतीवर सरांच्या भिंतीचा भला मोठा रंगीत फोटो लावला होता. खाली सरांचं नाव नव्हतं, पोरांचंही नव्हतं. मी जवळ जाऊन सातवी ओळ शोधली. पट्ट्या दिसत होत्या, नंबर वाचता येत नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी मी सरांना शेवटचं पाहिलं. डायरी परत करायला अंथुर्ण्याला गेलो होतो. खोलीला बाहेरून कुलूप. मालक म्हणाला, सकाळीच खोली सोडली, सुप्याला जातो म्हणाले. मी तसाच गाडी घेऊन मागं फिरलो. विद्यापीठाच्या फाटकासमोर रस्त्याला मंडप, गाड्या, स्पीकर. आणि पलीकडच्या थांब्यावर सर उभे होते. पायाशी एक पत्र्याची पेटी आणि पिशवी. सुप्याकडं जायला ते या फाटकाशी येऊन कशाला उभे राहिले, मला माहीत नाही. बस आली, थांबली, गेली. ते चढले नाहीत.

मी गाडी उभी केली, खाली उतरलो आणि हाक मारली, "सर!"

त्यांनी तोंड फिरवलं.

इतक्या वर्षांत त्यांची मान फिरलेली पाहिली की मला कळायचं, हे ऐकताहेत. त्या दिवशी कळेना. डावा कान बोळाकडं होता. वारा चांगला सुटला होता, मंडपाची कापडं फडफडत होती. मी डायरी हातात धरून रस्त्याच्या या कडेला उभा राहिलो. मधून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा, लांबच लांब. तो गेल्यावर पाहिलं तर पलीकडं दुसरी एसटी निघत होती आणि थांब्यावर कोणी नव्हतं.

सुप्याला मी दोनदा जाऊन आलो. पत्ता लागला नाही. डायरी माझ्या काट्याच्या केबिनमध्ये आहे. तिच्यात एकेक ओळ, एकेक नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढं सरांच्या बारीक अक्षरात एकच शब्द: 'बोलते.' शेवटच्या पानापर्यंत सगळ्या बोलत होत्या.

आता माझं म्हणणं. यादीची प्रत माझ्या पुढ्यात आहे. 'लोखंडी तुकडे, पोत्यांत, विनाक्रमांक, निरुपयोगी.' खाली माल घेणाऱ्याची सही आहे, ती माझी. ती मी नाकारत नाही. ज्यानं साठ-सत्तर पोरांना वाजवल्याशिवाय माल घेऊ नका म्हणून शिकवलं, त्यानंच न वाजवता घेतला. याचा जाब सर मला विचारून गेले आहेत.

पण 'निरुपयोगी' या शब्दासमोर वर आणखी एक सही आहे. नुसता फराटा, नाव नाही, हुद्दा नाही. मी भांडारात विचारलं, ते कार्यालयाकडं बोट दाखवतात. कार्यालयात विचारलं, ते भांडाराकडं. मी दर सोमवारी जातो. आता फाटकावर वॉचमन मला अडवत नाही. आत कोणी मला बसा म्हणत नाही. माझी सही मी ओळखली. वरची सही कोणाची आहे, त्यानं पुढं यावं आणि त्या बोळात, वारा सुटलेला असताना उभं राहून, ती आपली आहे असं मोठ्यानं सांगावं.